संगणकात ४८, फळीवर ३१: साठ्याची चूक नेमकी कुठे होते

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा. गोरेगाव आणि कांदिवली येथे आपली किराणा व गृहोपयोगी वस्तूंची दोन दुकाने आहेत, प्रत्येकात दीड हजारांच्या आसपास वस्तू आहेत आणि बिलिंगचे सॉफ्टवेअर बसवून तीन वर्षे झाली आहेत. तरीही केसांच्या आवळा तेलाच्या बाटल्या संगणकात ४८ दिसतात तेव्हा फळीवर ३१ च सापडतात. मार्चअखेरच्या मोजणीत मोठी तूट निघाली आणि ती आपण काउंटरवरच्या दोन मुलांच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापत आहात. वितरक म्हणतो की माल पूर्ण दिला होता. आता एका विक्रेत्याने आरएफआयडी, म्हणजे प्रत्येक नगाला लांबून वाचता येणारी चिप लावण्याच्या, यंत्रणेचा प्रस्ताव दिला आहे, ती घ्यावी का, असे आपण विचारले आहे. सोबत त्या तेलाची दोन खरेदी बिले आणि साठ्याचा अहवालही पाठवला आहे, त्याचा मला फार उपयोग झाला.

ती यंत्रणा आत्ता घेऊ नये आणि पगारातली कपात या महिन्यापासूनच थांबवावी, असे माझे मत आहे. दोन्हींचे कारण एकच असल्यामुळे ते सविस्तर सांगतो.

मुंबईतल्या दुकानांच्या साठ्याचा हिशेब लावून देण्याचे काम मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ करत आहे. या काळात माझी एक गोष्ट पक्की झाली आहे, ती म्हणजे साठ्याची चूक फळीवर होत नाही. टेम्पोतून दुकानात, पेटीतून फळीवर, फळीवरून बिलात किंवा एका दुकानातून दुसऱ्या दुकानात असा माल एका हातातून दुसऱ्या हातात जातो, त्या क्षणी ती होते. फळीवर ती केवळ उघडकीला येते, आणि तीही बहुधा कित्येक आठवड्यांनी, जेव्हा मूळ कागद हाताशी नसतो आणि माल घेणाऱ्याला त्या दिवसाचे काही आठवत नसते.

आपण पाठवलेल्या कागदांवरूनच पाहू. जूनच्या बिलात त्या तेलाची एक पेटी ४८ नगांची आहे. ऑगस्टच्या बिलात तीच पेटी ३६ नगांची आहे, कारण कंपनीने मधल्या काळात पेटीचा आकार बदलला. आपल्याकडे आवक पेटीवर नोंदवली जाते आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या वस्तूसमोर ‘१ पेटी = ४८ नग’ असेच राहून गेले आहे. ऑगस्टमध्ये एक पेटी आली, तेव्हा संगणकात ४८ नग चढले आणि दुकानात ३६ आले. आपल्या १७ नगांच्या तुटीपैकी १२ नग दुकानाच्या उंबऱ्याच्या आत कधी आलेच नाहीत. पुढे साठ्याच्या अहवालात त्याच तेलाचा बदाम हा प्रकार उणे ३ दिसतो, म्हणजे जेवढा माल होता त्याहून ३ नग अधिक विकले गेल्याचे संगणक सांगतो. असे प्रत्यक्षात घडू शकत नाही. गिऱ्हाईकाने दोन-तीन प्रकारच्या बाटल्या एकत्र काउंटरवर ठेवल्या, मुलाने बदामाची एक बाटली स्कॅन करून संख्या टाकली आणि आवळ्याच्या ३ बाटल्या बदामाच्या नावावर गेल्या, हेच त्याचे सर्वांत शक्य कोटीतले स्पष्टीकरण आहे. भाव सारखाच असल्यामुळे गल्ल्यात एक रुपयाचाही फरक पडला नाही. १२ आणि ३ मिळून १५ झाले. उरले २ नग, त्यांच्याकडे शेवटी येऊ.

चोरीचा संशय सर्वांत आधी का घेऊ नये, याविषयी माझ्या स्वतःच्या हातून घडलेली एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. उमेदवारीच्या काळात मी परळच्या एका दुकानात हिशेबनीस होतो. तिथे बिस्किटांच्या विभागात दर महिन्याला तूट येत होती आणि मी लेखी अहवालात त्या विभागातल्या मुलावर ठपका ठेवला. पुढे कळले ते असे, की वितरक दहावर एक मोफत या स्कीमसह बिलात ११० नग लिहीत असे आणि त्याच मोफतच्या १० नगांचे वेगळे चलनही, म्हणजे माल पाठवल्याचा कागदही, टेम्पोबरोबर पाठवत असे. आवक लिहिणारा गृहस्थ दोन्ही कागद निष्ठेने संगणकात चढवत होता. प्रत्येक खेपेला १० नग केवळ कागदावर तयार होत आणि महिनाअखेरीस ते नाहीसे झालेले दिसत. हे माझ्या लक्षात यायला चार महिने लागले. तोवर तो मुलगा नोकरी सोडून चिपळूणजवळच्या आपल्या गावी गेला होता. त्या अहवालावर सही माझी होती. तेव्हापासून आवकीचे कागद तपासल्याशिवाय मी कोणत्याही तुटीला चोरी म्हणत नाही, आणि आपणही म्हणू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हे दुखणे लहान दुकानांपुरते नाही. निकोल डेहोरेशियस आणि अनंत रामन या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका मोठ्या किरकोळ विक्री साखळीच्या ३७ दुकानांतील सुमारे ३,७०,००० नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांपैकी ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष मालाशी जुळत नव्हत्या. त्या साखळीकडे संगणक होते, बारकोड होते आणि प्रशिक्षित माणसेही होती. यंत्र असणे आणि आकडा खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कागदावर जास्त दिसणारा माल तुटीच्या रकमेपेक्षाही अधिक नुकसान करतो, याकडे मालकांचे लक्ष जात नाही. समजा आपण सॉफ्टवेअरला सांगितले आहे की अमुक वस्तू ४० नगांवर आली की मागणी नोंदव. पेटीच्या आकाराच्या चुकीमुळे त्या वस्तूचे ६० काल्पनिक नग साठले असतील, तर फळी पूर्ण रिकामी झाली तरी संगणक ६० दाखवत राहतो, मागणी कधीच निघत नाही आणि विक्री शून्यावर आल्याने ती वस्तू ‘न खपणारी’ म्हणून गणली जाते. गिऱ्हाईक दोनदा विचारते आणि तिसऱ्यांदा समोरच्या दुकानात जाते. चोरीला गेलेल्या एका बाटलीचे नुकसान एका बाटलीइतके असते, या चुकीचे नुकसान महिनोन्‌महिने चालू राहते. म्हणूनच, विकली जाणारी वस्तू अचानक आठ-दहा दिवस विकली गेली नाही आणि संगणकात तिचा साठा आहे, अशा वस्तूंची यादी दर सोमवारी काढून ती फळीवर आहे का हे डोळ्यांनी पाहावे. एवढ्या एका सवयीने जे सापडते, ते महागड्या यंत्रणेनेही सापडत नाही.

नगाच्या मापाचा घोळ आपल्या धंद्यात सर्वांत खोल आहे, म्हणून त्यावर थोडा अधिक वेळ घालवतो. शाम्पूची पुडी एकच, पण ती विकली जाते नगावर, टांगली जाते लडीवर, येते खोक्यात आणि वितरकाच्या बिलात लिहिली जाते पेटीवर. लडीत किती पुड्या, खोक्यात किती लड्या आणि पेटीत किती खोकी, हे तीन आकडे कंपनी कळवल्याशिवाय बदलते. पुडीवरचा बारकोड वेगळा आणि पेटीवरचा वेगळा असतो. घाईत पेटीवरचा कोड स्कॅन केला आणि तो सॉफ्टवेअरमध्ये नगाशी जोडलेला असेल, तर पूर्ण पेटीचा एक नग होतो. यावर माझा आग्रहाचा उपाय असा की संगणकात साठा केवळ सर्वांत लहान विक्रीच्या नगातच ठेवावा, आवक करताना पेटीचा आकार प्रत्येक वेळी बिलावरून वाचून टाकावा आणि तो मागच्या वेळेपेक्षा वेगळा असेल तर सॉफ्टवेअरने थांबून विचारावे. बहुतेक बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते, फक्त ती चालू केलेली नसते. आपल्या सॉफ्टवेअरवाल्याला बोलावून आधी हेच विचारा.

दुसरा घोळ एकाच बारकोडखाली दोन एमआरपी असण्याचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर बदलले आणि साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा हा घोळ प्रत्येक दुकानाने अनुभवला. जुन्या छापील किमतीचा आणि नव्या किमतीचा माल शेजारी शेजारी होता, बारकोड तोच होता आणि पडद्यावर दोन ओळी उघडल्या की मुलगा वरची ओळ दाबत होता. परिणामी जुन्या किमतीचा साठा उणे आणि नव्या किमतीचा फुगलेला, असे चित्र कित्येक ठिकाणी अजूनही निस्तरलेले नाही. आपल्या अहवालात अशा जोड्या असतील तर त्या मार्चची वाट न पाहता एका रात्रीत प्रत्यक्ष मोजून स्वच्छ कराव्यात आणि यापुढे किंमत बदलली की जुना माल संपेपर्यंत नवा माल फळीवर चढवू नये.

आता आवकीकडे येऊ, कारण सुधारणेची खरी जागा तीच आहे. मी आपले गोरेगावचे दुकान पाहिलेले नाही, पण स्टेशनजवळच्या अशा दुकानात सकाळी काय होते ते मी शेकडो वेळा पाहिले आहे. भिवंडीच्या गोदामातून पहाटे भरलेला टेम्पो साडेदहाला येतो, रस्त्यात दुहेरी उभा राहतो, मागून बेस्टची बस भोंगा वाजवते, वाहतूक पोलीस येण्याच्या आत हमाल पेट्या पदपथावर उतरवतात, चालक बिल पुढे करून सहीसाठी घाई करतो, आणि नेमक्या त्याच वेळी काउंटरवर सहा गिऱ्हाइके उभी असतात. जुलैचा महिना असेल तर वरून पाऊस आणि पुठ्ठ्याच्या पेट्यांचे तळ भिजलेले. अशा वेळी ‘माल मोजून मिळाला’ या ओळीखाली सही होते आणि त्या सहीने पुढची सगळी भांडणे दुकानदार आधीच हरलेला असतो.

या दोन-तीन मिनिटांत पूर्ण मोजणी होणार नाही, हे मान्य करून पद्धत बसवावी लागते. टेम्पोसमोर फक्त पेट्यांची संख्या मोजावी आणि फाटलेल्या, भिजलेल्या किंवा पट्टी उघडलेल्या पेट्या वेगळ्या कराव्यात. सही करताना बिलावर ‘पेट्या २३ मिळाल्या, आतील नग मोजणे बाकी’ असे हाताने लिहावे. चालक कुरकुर करील, पण वितरकाशी आधी बोलणे झाले असेल तर तो लिहू देतो. आतील नगांची मोजणी दुपारी दोन ते चार या मंद वेळेत, मोबाइलवरच्या स्कॅनरने, आणि बिलाचा आकडा न पाहता करावी. आकडा समोर असला की माणूस तोच मोजतो, हा माझा अनुभव आहे. ही मोजणी पूर्ण होईपर्यंत तो माल संगणकात ‘तपासणी बाकी’ या वेगळ्या खात्यात राहावा आणि फळीवर चढू नये. जागेची अडचण मला ठाऊक आहे. पोटमाळ्याच्या जिन्याखाली चार फूट जागा रंगाची पट्टी मारून राखून ठेवली तरी चालते.

वितरकाचे बिल आधी मिळाले तर हे काम निम्मे होते. ज्या वितरकांची वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांहून अधिक आहे, त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्यांना दिलेल्या बिलांसाठी ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे, म्हणजे त्यांचे बिल टेम्पो निघण्याआधीच संगणकीय स्वरूपात तयार असते. ते एक्सेलच्या किंवा सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा फाइलमध्ये पाठवायला सांगावे. एक गैरसमज मात्र दूर करतो. त्या बिलावरच्या क्यूआर कोडमध्ये विक्रेता, खरेदीदार, बिल क्रमांक, तारीख, एकूण रक्कम आणि ओळींची संख्या असते, प्रत्येक वस्तूचे नग त्यात नसतात. त्यामुळे क्यूआर स्कॅन केला की आवक झाली, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. वस्तूंचा तपशील वेगळ्या फाइलनेच येतो.

पुरवठादाराशी सहकार्य हा शब्द सगळेच वापरतात, परंतु प्रत्यक्षात दुकानदार आणि वितरक यांचे बोलणे केवळ थकबाकी आणि तूट यांपुरते उरलेले असते. वितरकाची बाजूही समजून घ्यावी. त्याच्या गोदामात रात्री माल काढणारी माणसे आठवणीवर पेट्या उचलतात, त्याचा नफा दोन-चार टक्क्यांचाच असतो आणि दुकानदारांकडून येणाऱ्या तुटीच्या तक्रारींतल्या कित्येक खोट्या असतात, हे त्यालाही माहीत असते. त्यामुळे खऱ्या तक्रारीकडेही तो संशयाने पाहतो. हा संशय मोडण्याचा एकच मार्ग मला कामी आलेला आहे: जास्त आलेला मालही आपण होऊन कळवायचा. दादरच्या एका दुकानात आम्ही असे ठरवले आणि पहिल्याच महिन्यात साबणाची एक संपूर्ण जास्त पेटी परत केली. दुकानमालकांना ते जड गेले. पण त्यानंतर त्या वितरकाने आमच्या तुटीच्या चिठ्ठीवर कधी प्रश्न विचारला नाही आणि क्रेडिट नोट, म्हणजे तुटीची रक्कम आमच्या खात्यात वळती केल्याची चिठ्ठी, जी पूर्वी तीन-तीन महिने रखडत असे, ती आठवड्यात येऊ लागली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने आपल्या गोदामात आमच्या मालासाठी स्वतंत्र तपासणी सुरू केली, कारण आमच्या आकड्यावरून त्याला स्वतःचा गळका कोपरा सापडत होता.

म्हणून आपल्या मोठ्या पाच-सहा वितरकांना एकेक करून चहाला बोलवा आणि थकबाकीचा विषय बाजूला ठेवून काही गोष्टी कागदावर ठरवा. पेटीचा आकार, वजन किंवा एमआरपी बदलली तर पहिला माल येण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवणे; स्कीमचा माल त्याच बिलात वेगळ्या ओळीने, शून्य किमतीने दाखवणे आणि त्याचे स्वतंत्र चलन न काढणे; ‘मोफतचे नग पुढच्या गाडीत देतो’ ही पद्धत पूर्ण बंद करणे; आतील तुटीची चिठ्ठी माल आल्यापासून ४८ तासांत दिली तर ती मान्य करणे, त्यानंतर दुकानाने तक्रार न करणे; आणि टेम्पोची वेळ आठवड्यातल्या ठरावीक वारी, शक्यतो दुकान उघडण्याच्या सुमारास ठेवणे. मुदत संपत आलेला आणि फुटका माल किती दिवस आधी व कोणत्या कागदावर परत घेतला जाईल, हेही त्यातच यावे, कारण सेल्समनच्या तोंडी आश्वासनावर कोपऱ्यात पडून राहिलेले डॅमेजचे खोके हे साठ्यातल्या चुकांचे मोठे आगर असते. तो माल संगणकात विक्रीयोग्य दिसतो, फळीवर नसतो आणि वितरकाच्या हिशेबात परतही आलेला नसतो. महिनाअखेरीस टार्गेट गाठण्यासाठी सेल्समन जो माल लोटतो, त्याला मात्र सरळ नकार द्यावा. २९-३० तारखेच्या गर्दीत आलेल्या मालाच्या नोंदीत जितक्या चुका मी पाहिल्या, तितक्या इतर कोणत्याही दिवसांच्या नोंदींत पाहिल्या नाहीत.

काउंटरवरच्या चुकांविषयी थोडक्यात. एकसारख्या भावाच्या प्रकारांसाठी, म्हणजे मोगरा, चंदन, केवडा अशा उदबत्त्या, निरनिराळ्या वासांचे साबण, सुपाची पाकिटे यांसाठी, स्कॅन करून संख्या टाकण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये बंद करावी. प्रत्येक नग स्वतंत्र स्कॅन व्हावा. रांग लांबली की मुले ही शिस्त मोडतात, म्हणून संध्याकाळी सात ते नऊ दुसरे काउंटर उघडणे हा साठ्याचाही उपाय आहे. बारकोड वाचला गेला नाही तर ‘तसलेच दुसरे काहीतरी’ स्कॅन करण्याऐवजी ती वस्तू एका ट्रेमध्ये ठेवावी आणि रात्री तिचा कोड दुरुस्त करावा. मालकाच्या घरी जाणारा मालही बिल करूनच जावा, हे मला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. घरून फोन आला की दोन किलो साखर, एक तेलाची पिशवी आणि मुलांसाठी बिस्किटे पिशवीत भरून पाठवली जातात, आणि मार्चमध्ये त्यांची गणना तुटीत होते.

सुट्या धान्याची गोष्ट निराळी आहे. ५० किलोची गोण तशीच चढवली आणि तिच्या बारदानाचे साधारण अर्धा किलोचे वजन वजा केले नाही, तर पहिल्या क्षणापासून हिशेब चुकतो. नंतर धान्य सुकते, सांडते, चाळणीत कचरा निघतो. गूळ मात्र पावसाळ्यात ओल धरतो. आपल्याच दुकानातल्या दोन-तीन गोण्या उघडल्यापासून संपेपर्यंत वजन लिहून स्वतःची घट ठरवावी आणि तेवढी घट दर महिन्याला तिच्या नावानेच वजा करावी. वजनकाट्याची दरवर्षीची फेरपडताळणी वैधमापनशास्त्र खात्याकडून झालेली असावी, आणि काटा बिलिंगला जोडून दुकानातच २० ते २९ ने सुरू होणारा वजनाचा बारकोड छापला, तर हाताने वजन लिहिण्यातल्या चुका संपतात. हे तुलनेने स्वस्त यंत्र आहे आणि आपण पहिला खर्च त्यावरच करावा.

मोजणी वर्षातून एकदा करण्याऐवजी रोज थोडी करावी. आपल्या १,५५० वस्तूंपैकी सर्वाधिक विक्रीच्या १५० वस्तू महिन्यातून दोनदा, मधल्या ४०० तिमाहीतून एकदा आणि उरलेल्या १,००० वर्षातून एकदा मोजायच्या ठरवल्या, तर महिन्याला ३००, १३३ आणि ८३ मिळून ५१६ मोजण्या होतात. २६ दिवसांत वाटल्या तर रोजच्या २०. शटर उघडण्याआधी दोन माणसांचे हे अर्ध्या तासाचे काम आहे. मोजणाऱ्याच्या हातात संगणकाचा आकडा देऊ नये. आदल्या दिवशीची सगळी आवक आणि परताव्याच्या नोंदी पूर्ण झाल्याशिवाय मोजणी सुरू करू नये. फरक निघाला तर आकडा लगेच ‘जुळवून’ टाकू नये. आधी मागच्या तीन आवकी आणि जवळच्या प्रकारांचा साठा पाहावा, मग कारण लिहूनच दुरुस्ती करावी, आणि मोजणारा व दुरुस्तीला मंजुरी देणारा ही दोन वेगळी माणसे असावीत. यशाचे मापही बदलावे लागेल. रुपयांत तूट किती, हे पुरेसे नाही, कारण फळीवर आवळा कमी आणि बदाम तेवढाच अधिक निघाला तर रुपयांत फरक शून्य दिसतो. मोजलेल्या १०० वस्तूंपैकी किती वस्तूंचा आकडा तंतोतंत जुळला, हे दर आठवड्याला भिंतीवर लिहा. सुरुवातीचा आकडा पाहून खचू नका.

दोन्ही दुकानांमधल्या देवाणघेवाणीला चलन असलेच पाहिजे. जीएसटी नोंदणी एकच असल्यास त्यावर कर लागत नाही, म्हणून स्कूटरवरून माल पाठवताना कोणी कागद करत नाही, आणि गोरेगावची तूट कांदिवलीत जास्तीचा माल म्हणून पडून राहते. पाठवणाऱ्याने ‘वाटेत’ असे नोंदवावे, घेणाऱ्याने मोजून स्वीकारावे.

कराची बाजू आपल्या सनदी लेखापालांशी बोलून घ्यावी. हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा हिशेबातून काढून टाकलेल्या मालावर जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. ती आधी घेतली असेल तर परत करावी लागते. जे १२ नग आपल्याकडे आलेच नाहीत, ते ‘हरवले’ म्हणून काढणे आणि आवकीची चूक म्हणून दुरुस्त करणे यांत त्यामुळे पैशांचाही फरक आहे. कारण लिहिण्याचा आग्रह मी धरतो तो यासाठीही.

आता आरएफआयडी. हे तंत्रज्ञान चांगले आहे, पण ते आपल्या मालाचे नाही. त्यात प्रत्येक नगाला स्वतंत्र चिप लागते, जी लांबून, न दिसताही वाचता येते. कपडे आणि पादत्राणे यांच्या दुकानांत, जिथे एकाच नमुन्याचे मापांनुसार आणि रंगांनुसार शेकडो नग असतात आणि किंमत मोठी असते, तिथे त्याने मोजणीचे काम खरोखर सोपे केले आहे. आपल्याकडे मात्र पाच-दहा रुपयांच्या पुडीवर काही रुपयांची चिप लावावी लागेल, आणि तेलाच्या बाटल्या, शीतपेये, पत्र्याचे डबे अशा द्रवाच्या व धातूच्या मालाजवळ तिचे वाचनही अडखळते. शिवाय पेटीत ३६ असताना बिल चढवताना ४८ टाकले गेले, हा दोष चिप दूर करत नाही. त्याऐवजी पुढे स्कॅनर बदलाल तेव्हा द्विमितीय, म्हणजे क्यूआरसारखे चौकोनी, कोड वाचणारे घ्या. जीएस१ या बारकोड प्रमाणित करणाऱ्या संस्थेने २०२७ च्या अखेरपर्यंत जगभरच्या काउंटरवर असे कोड वाचता यावेत असे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यांत बॅच आणि मुदतीची तारीखही मावते, म्हणजे मुदत संपलेला माल काउंटरवरच अडवता येईल.

राहिले ते २ नग. ते कदाचित फुटले असतील, घरी गेले असतील, किंवा खरोखर कोणी नेले असतील. कागदांवरून ते मला सांगता येत नाही आणि आपणही सांगू शकणार नाही. ते ‘अज्ञात’ या नावाने लिहून ठेवा आणि पुढच्या तीन महिन्यांत याच फळीवर, याच पाळीत पुन्हा अज्ञात तूट दिसली तरच चौकशी करा. पगारातून कपात करण्याविषयी वेतनाचा कायदाही हेच सांगतो की नुकसान त्या माणसाच्या निष्काळजीपणामुळेच झालेले असले पाहिजे आणि कपातीआधी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळाली पाहिजे. आपल्या दोन मुलांपैकी कोणीही पेटीचा आकार बदललेला नव्हता. जी रक्कम कापली गेली आहे ती त्यांना परत द्या, आणि ती देताना ऑगस्टचे बिल त्यांच्यासमोर ठेवून १२ नगांचा हिशेब दाखवा. उद्यापासून दुपारची मोजणी त्यांनाच करायची आहे.